दहा वर्षांचे वचन



आपल्या देशात दान देणाऱ्या हातांची उणीव पूर्वीही नव्हती व आजही नाही. दाराशी आलेल्या भुकेल्यास भाकरी मिळते, जत्रेत अन्नछत्र चालते, नाताळात व दिवाळीत गरिबांच्या मुलांस कपडे वाटले जातात. ही सर्व दाने चांगलीच होत. परंतु ती बहुधा एका दिवसाची असतात. जिला आईबाप नाहीत, अथवा असून नसल्यासारखे आहेत, अशा आठ वर्षांच्या मुलीस एका दिवसाचे दान पुरत नाही. ह्या जूनमध्ये कोणी तिला वह्यापुस्तके घेऊन दिली, तर पुढच्या जूनमध्ये कोण देणार? आज कोणी तिला घरी ठेवून घेतले, तर त्या घरात उद्या अडचण आली असता ती कोठे जाणार? आठव्या वर्षी हाती धरलेली मुलगी स्वतःच्या पायांवर उभी राहावयास निदान दहा वर्षे लागतात, आणि ती दहा वर्षे कोणीतरी आधीच कबूल करावी लागतात. प्रस्तुत लेखात ह्या कबुलीचाच विचार करावयाचा आहे. तो करिताना आपल्याच पुणे जिल्ह्यात घडलेली एक मोठी हकीकत पाहू, म्हणजे गोष्ट नुसती उपदेशाची राहणार नाही.

प्रथम आपल्या दाराजवळचे पाहू. पुणे-सातारा रस्त्यावरून नसरापुरास वळून वेल्ह्याची वाट धरली म्हणजे विंझर गाव लागते. राजगड व तोरणा ह्या दोन किल्ल्यांच्या शेजारचा हा मुलूख. पाऊस मुबलक, पण जमीन उताराची आणि तुकड्यातुकड्यांची. भात व नाचणी ह्यांवर वर्ष निघत नाही, म्हणून पुष्कळ घरांतील कर्ते पुरुष पुण्यामुंबईस कामास जातात. अशा घरातील कर्ता पुरुष अकस्मात गेला म्हणजे काय होते, हे आपणांपैकी ज्यांनी पाहिले असेल त्यांस सांगावयास नको. मुलगी काही त्याच दिवशी निराधार होत नाही. आई असते, आजी असते, चुलते असतात, तेराव्यापर्यंत तर सारे गाव असते. मग आई दुसऱ्याच्या शेतावर मजुरीस जाऊ लागते आणि धाकट्या भावास सांभाळण्यासाठी मुलगी आठवड्यातून एक दिवस घरी राहते. पुढे दोन दिवस राहते. शाळेच्या पटावर तिचे नाव असते, पण हजेरीच्या रकान्यात फुल्या वाढत जातात. मग कोणी नातलग सुचवितो की शहरात एका कुटुंबाला मुलगी कामाला हवी आहे, खाऊनपिऊन सुखी राहील. किंवा दुसरा सुचवितो की स्थळ आले आहे, वयाचे कोण पाहतो? आई नको म्हणत नाही, कारण नको म्हणावयास तिच्याजवळ दुसरा मार्ग नसतो. अशा रीतीने आई जिवंत असताही मुलगी हळूहळू अनाथ होते, आणि ज्या दिवशी ती खरोखर संकटात सापडते त्या दिवशी गावातील कोणालाच त्याचे आश्चर्य वाटत नाही.

येथे कोणी विचारील की शिक्षण तर आता मोफत आहे. होय, २००९ सालच्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीस मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला, आणि महाराष्ट्रात तर मुलींची फी बारावीपर्यंत माफ आहे. परंतु मुलगी शाळा सोडते ती फीमुळे क्वचितच. तिला लागते ती रात्रीची सुरक्षित जागा, दोन वेळचे जेवण, एस. टी.चे भाडे, पावसाळ्यात छत्री, आजारपणात जवळ बसणारे माणूस, आणि अभ्यासाच्या वेळी अभ्यास कर असे म्हणणारे कोणीतरी. फीमाफीच्या कागदात ह्यांपैकी एकही वस्तू येत नाही.

आता त्या हकीकतीकडे वळू. विंझर जिल्ह्याच्या पश्चिमेस, डोंगरात व पावसात आहे. केडगाव पूर्वेस, दौंडच्या बाजूस, भीमाकाठच्या कोरड्या मुलखात, आगगाडीच्या रस्त्यावर आहे. तेथील मुक्तिसदन पंडिता रमाबाईंनी उभारले, हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले असेल. पण त्या सदनाचा पैसा कोठून आला, तो कोणत्या बोलीने आला, आणि त्या बोलीपायी काय काय सोसावे लागले, हे पाठ्यपुस्तकात सहसा नसते. आणि आपल्या विषयाचे मर्म नेमके तेथेच आहे.

रमाबाई स्वतः निराधार कन्या होत्या. त्यांचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान. त्यांनी लोकापवाद सोसून पत्नीस संस्कृत शिकविले, व त्या माउलीने मुलीस. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी पायी फिरत असे. १८७० नंतरच्या दुष्काळाच्या दिवसांत आईबाप दोघेही गेले. उपासमार म्हणजे काय, दुसऱ्याच्या दारी काम मागताना जीभ कशी अडखळते, हे ह्या संस्कृतज्ञ मुलीने पुस्तकात वाचले नव्हते. भाऊ श्रीनिवास ह्याच्याबरोबर ती हिंडत हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली; तेथील पंडितांनी तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी तिने बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी विवाह केला, आणि १८८२ च्या आरंभी तेही वारले. पदरी मनोरमा नावाची तान्ही मुलगी होती. रमाबाई पुण्यास आल्या, त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, १८८३ साली विलायतेस गेल्या, तेथेच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि १८८६ साली डॉक्टर आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभास अमेरिकेत फिलाडेल्फियास गेल्या.

अमेरिकेत त्या दोन वर्षांहून अधिक राहिल्या. गावोगाव व्याख्याने दिली, आणि १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. पुस्तकाच्या विक्रीचे पैसे त्यांनी आपल्या भावी शाळेसाठी ठेविले. इतके करून त्या देणगीच्या थैल्या घेऊन परत आल्या असत्या, तर दोनतीन वर्षांत थैल्या रित्या झाल्या असत्या व शाळाही बंद पडली असती. रमाबाईंनी तसे केले नाही. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन शहरी त्यांच्या साहाय्यकांनी ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन केली. निरनिराळ्या गावी तिच्या शाखा म्हणून लहान लहान मंडळे निघाली. आणि ह्या सर्वांनी मिळून कबूल केले ते हे की, बालविधवांच्या शाळेचा खर्च आम्ही दहा वर्षेपर्यंत चालवू. पैसा लहान वर्गण्यांचा होता. देणाऱ्यांत गृहिणी होत्या, शिक्षिका होत्या, देवळातील सामान्य सभासद होते. ज्या मुलींचे मुखही त्यांनी पाहिले नव्हते, ज्यांची नावे त्यांस उच्चारताही आली नसती, त्यांच्यासाठी त्यांनी दहा वर्षांची हमी लिहून दिली.

ह्या दहा वर्षांचे महत्त्व काय, हे ज्याने एखादी संस्था चालविली आहे त्यास लगेच कळेल. वर्षाची वर्गणी हाती असली तर वर्षापुरती जागा भाड्याने घेता येते; दहा वर्षांची हमी असली तर चांगली शिक्षिका तिची सुरक्षित नोकरी सोडून तुमच्याकडे येते. आणि मुख्य म्हणजे, मुलीस घेऊन आलेल्या भावास किंवा बापास सांगता येते की, हिला आम्ही अर्ध्यावर परत पाठविणार नाही.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीजवळ शारदासदन उघडले. पहिल्या दिवशी मुली होत्या दोन! त्यांतील एक गोदूबाई ही बालपणीच वैधव्य आलेली कोकणातील मुलगी. तिचे नाव लक्षात ठेवावे, कारण ती पुढे पुन्हा भेटणार आहे. (११ मार्च ही तिथी मोठी चमत्कारिक आहे. आनंदीबाई जोशी ह्यांस पदवी मिळाली ती १८८६ च्या ११ मार्चला, शारदासदन उघडले ते १८८९ च्या ११ मार्चला, आणि गोदूबाईंचा पुनर्विवाह झाला तोही १८९३ च्या ११ मार्चला.) १८९० साली सदन पुण्यास आले व मुलींची संख्या वाढू लागली.

येथपर्यंत सर्व सुरळीत चालले. पुढे जे झाले ते सांगताना लेखणी थोडी सावध ठेवावी लागते, कारण त्याविषयी आजही मतभेद आहेत. बोस्टनच्या मंडळाची अट अशी होती की, शाळेत कोणत्याही धर्माची सक्ती असू नये. हिंदू मुलींस आपला आचार पाळण्याची मोकळीक असावी. ती मोकळीक होती. परंतु रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या; त्या आपल्या खोलीत आपल्या मुलीसह प्रार्थना करीत आणि खोलीचे दार लावून घेत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली. न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर ह्यांसारखे थोर पुरुष सदनाच्या सल्लागार मंडळात होते. त्यांनी १८९३ च्या ऑगस्टात राजीनामे दिले. पालक आले आणि वीसपंचवीस मुली काढून घेऊन गेले. बोस्टनकरांनी मात्र आपले वचन मोडले नाही.

दोष कोणाचा, हा वाद येथे करावयाचा नाही. पालकांची भीती खोटी होती असे म्हणवत नाही. आपल्या परवानगीवाचून आपल्या मुलीचा धर्म बदलेल ही भीती कोणत्याही धर्माच्या बापास वाटेल. दार लावून प्रार्थना करणे रमाबाईंच्या सत्यनिष्ठ स्वभावास पटण्यासारखे नव्हते, हेही खरे. परंतु वर्तमानपत्रे बोलली, सल्लागार बोलले, पालक बोलले, अमेरिकेतील मंडळ बोलले; ज्या मुली आपली गाठोडी घेऊन परत निघाल्या त्यांस कोणी विचारल्याचे दिसत नाही. त्यांतील कित्येकींच्या नशिबी पुन्हा स्वयंपाकघराचा कोपरा आला असेल. आश्रय देणारा, पैसा देणारा आणि मुलीवर नात्याचा हक्क सांगणारा, हे तिघे भांडू लागले म्हणजे जिच्यासाठी हे सारे चालले आहे तिचेच शिक्षण प्रथम बुडते. ह्यास्तव आश्रय देण्यापूर्वीच ह्या तिघांनी सर्व गोष्टी उघडपणे ठरवून घ्याव्या, आणि मुलगी समजण्याच्या वयाची असेल तर तिचेही म्हणणे ऐकावे, असे मला वाटते. आमच्यासारख्या मिशनच्या शाळांनी तर हे विशेष लक्षात ठेविले पाहिजे.

पुढची पायरी दुष्काळाची. १८९६-९७ साली मध्यप्रांतात भयंकर दुष्काळ पडला. रमाबाईंस आपले बालपण आठवले असणार. त्या स्वतः तिकडे गेल्या. दुष्काळी छावण्यांभोवती निराधार मुलींस फूस लावून नेणारी माणसे कशी फिरत होती, ह्याचे वर्णन त्यांनी लिहून ठेविले आहे. त्यांनी तिकडून सुमारे तीनशे मुली आणविल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेगचा कहर झाला व नव्या मुलींस शहरात ठेवणे अशक्य झाले. केडगावास त्यांनी फळबागेसाठी जमीन घेऊन ठेविली होती. तेथे तंबू व झोपड्या ठोकून मुलींस नेले. हेच मुक्तिसदन. २४ सप्टेंबर १८९८ रोजी तेथील इमारतीचे समर्पण झाले. त्यानंतर गुजरातेत दुष्काळ पडला, आणि १९०० सालच्या सुमारास केडगावातील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

बोस्टनचा दहा वर्षांचा करार १८९८ सालीच पुरा झाला होता. रमाबाई पुन्हा अमेरिकेस गेल्या आणि दहा वर्षांत काय केले ते त्यांनी त्या लोकांसमोर उभे राहून सांगितले. दाते नव्या मंडळाच्या रूपाने पुन्हा एकत्र आले व त्यांनी साहाय्य चालू ठेविले. जगातील सारे दाते असे निघतील तर किती बरे होईल! पुष्कळदा दात्याचा उत्साह पहिल्या छायाचित्रापुरता असतो.

केडगावच्या मुली केवळ दात्यांच्या पैशावर बसून राहिल्या नाहीत. शाळा होतीच, तिच्याजोडीस शेती, विहिरी, दुभती जनावरे, विणकाम, शिवणकाम, तेलाची घाणी आणि छापखाना होता. आंधळ्या मुलींस ब्रेल लिपी शिकविण्याची सोय मनोरमाबाईंनी केली. जगाने ज्यांस वाट चुकलेल्या म्हणून टाकले अशा स्त्रियांसाठी कृपासदन निराळे काढिले. छापखान्याचे काम विशेष सांगण्यासारखे आहे. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर केले, आणि ते खिळे जुळवून छापले त्याच सदनातील स्त्रियांनी. ज्या हातांस दुष्काळात कोणी मूठभर दाणे देत नव्हते, त्या हातांनी एवढा मोठा ग्रंथ छापून काढिला. मनोरमाबाई १९२१ साली वारल्या, रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी. ग्रंथ त्यांच्या मागे १९२४ साली बाहेर आला. मुक्तिसदनाचे कार्य आजही केडगावास चालू आहे.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने लिहिली पाहिजे. दोन हजार माणसे एका आवारात राहू लागली म्हणजे आईची माया वाटून वाटून फार पातळ होते. दुष्काळात दुसरा उपाय नव्हता. प्राण वाचविणे हेच पहिले काम होते. परंतु जेथे दुष्काळ नाही तेथेही मुलींस मोठ्या संख्येने एका छपराखाली गोळा करणे हीच सेवा, असे समजणे बरोबर नाही. घर लहान असावे, सांभाळणारी बाई दर सहा महिन्यांनी बदलू नये, आणि प्रत्येक मुलीस कोणीतरी नावाने हाक मारणारे असावे.

आता गोदूबाईंकडे वळू. धोंडो केशव कर्वे, म्हणजे अण्णासाहेब, ह्यांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला, व त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. १८९६ साली अण्णासाहेबांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापिली. १९०० साली आश्रम शहराबाहेर हिंगण्यास गेला. जागा गणेश गोविंद गोखले ह्यांनी दिली होती, आणि पहिले घर म्हणजे एक झोपडे. अण्णासाहेब फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत व रोज हिंगण्याहून पायी जाऊन येत. रस्ता असा होता की पावसाळ्यात चिखलातून जावे लागे. ह्या आश्रमामागे बोस्टन नव्हते. येथे दारोदार फिरून वर्गणी गोळा करावी लागे, आणि त्या कामात आनंदीबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले ह्यांची कामगिरी विलक्षण आहे. ही केशवपन केलेली विधवा बाई आश्रमासाठी देशभर हिंडली, आणि १९१८ साली, इंग्रजी धड येत नसता, अमेरिकेस गेली. तेथे परक्या घरी मोलकरणीचे काम करून तिने पोट भरले, भाषा शिकली व आश्रमासाठी पैसा मिळविला. शारदासदनात शिकलेली एक बहीण आणि तिच्या मागोमाग आलेली दुसरी बहीण, अशा दोघींनी पुढे शेकडो मुलींच्या शाळेस हातभार लावला. बोस्टनच्या ज्या गृहिणीने वर्गणी दिली तिला गोदूबाई कोण हे कधी कळलेही नसेल.

एवढा इतिहास पुरे. आता आपल्या काळी काय करिता येते ते पाहू. कारण पालकांपैकी कित्येकांच्या मनात साहाय्य करण्याची इच्छा असते, परंतु रीत ठाऊक नसते.

पहिली गोष्ट ही की, मुलीस घरापासून तोडणे हा शेवटचा उपाय समजावा. आई असेल, आजी असेल, आणि अडचण केवळ पैशाची असेल, तर मुलीस तिच्याच घरी ठेवून त्या घरास साहाय्य करावे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात ह्यास प्रायोजकत्व असे म्हटले असून विधवा किंवा टाकलेल्या आईची मुले, नातलगांकडे राहणारी अनाथ मुले, आजाराने वा अपघाताने आईबाप निकामी झालेली मुले ह्यांचा त्यात विशेष उल्लेख आहे. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत २०२२ साली अशा मुलासाठी दरमहा ४००० रुपये ठरविले. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेची रक्कम २०२३ साली दरमहा २२५० रुपये करण्यात आली. ह्यासाठी अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयाकडे करावयाचा असतो. विंझरसारख्या गावातील पुष्कळ विधवा मातांस हे ठाऊकच नसते, आणि ज्यांस ठाऊक असते त्या मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा दाखला ह्यांच्या फेऱ्यांत थकून जातात. ज्यास देण्यासाठी पैसा नाही त्याने एखाद्या मातेबरोबर दोन दिवस कचेरीत जाऊन बसावे. ते दान एखाद्या धनिकाच्या देणगीहून कमी ठरणार नाही. आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस अर्ज भरून देता येईल.

दुसरी रीत वसतिगृहाची. आई आहे, घर आहे, पण शाळा दूर आहे. तेव्हा मुलीने शाळेजवळ राहावे व सुट्टीत घरी जावे. डोंगरातील वाड्यांवरच्या मुलींस आठवीनंतर ह्याचीच गरज अधिक असते. तिसरी रीत बालगृहाची. जिला खरोखर कोणी नाही, किंवा जिच्यावर घरातच संकट आहे, तिच्यासाठी ती आहे.

ह्या तिन्हींसाठी बोस्टनची पद्धत आपणांस सहज उचलता येईल. एका माणसाने दहा वर्षांचे वचन देणे अवघड आहे. नोकरी जाते, आजार येतो, स्वतःच्या मुलांची लग्ने निघतात. परंतु वीस घरांनी मिळून दरमहा शंभर शंभर रुपये काढिले तर महिन्याचे दोन हजार, वर्षाचे चोवीस हजार, व दहा वर्षांचे दोन लक्ष चाळीस हजार होतात. वीसांतील दोन घरे गळाली तरी उरलेली अठरा तो भार उचलतील. ह्यात कोणावरही मोठा बोजा पडत नाही, आणि मुलगीही कोणा एकाची मिंधी राहत नाही. हे दुसरे कारण मला पहिल्याहून मोठे वाटते.

मिंधेपणाविषयी दोन शब्द अधिक लिहितो. काही दाते मुलीचे छायाचित्र मागतात, दर नाताळात तिच्या हातचे आभाराचे पत्र मागतात, भेटीस आले म्हणजे तिला पाहुण्यांपुढे उभी करून तिची कहाणी सांगावयास लावितात. ज्या प्रसंगाने तिचे घर मोडले तो प्रसंग दर पाहुण्यापुढे नव्याने सांगणे हे तिच्या जेवणाचे मोल होऊन बसते. असा प्रकार थांबविला पाहिजे. संरक्षणाखालील मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र वर्तमानपत्रात वा अन्य रीतीने प्रसिद्ध करणे हा त्याच २०१५ च्या कायद्याने गुन्हा ठरविला आहे. दात्यास हिशेब मागण्याचा पूर्ण अधिकार आहे. मुलगी शाळेत जाते का, उत्तीर्ण झाली का, हे संस्थेस विचारण्याचाही आहे. तिच्या दुःखाची कथा ऐकण्याचा मात्र अधिकार नाही.

आणि विद्यार्थ्यांनो, हे तुम्हांसही लागू आहे. तुमच्या वर्गात वसतिगृहातून किंवा बालगृहातून येणारी मुलगी असेल तर तिला त्या नावाने ओळखू नका. ‘ती होस्टेलची’, ‘ती आश्रमातली’ असे म्हणण्याची जी सवय लागते ती वाईट हेतूने लागत नाही. पण ऐकणारीस तो शब्द दिवसातून दहा वेळा टोचतो. पालकसभेच्या दिवशी तिच्याबरोबर कोण आले हे विचारू नका. डबा मात्र अवश्य वाटून खा. त्यात दान नसते, मैत्री असते.

पालकांनी आणखी एक सावधगिरी बाळगावी. एखादी मुलगी संकटात आढळली तर दयेने तिला परस्पर आपल्या घरी ठेवून घेऊ नये, व ओळखीच्या कोणा संस्थेतही परस्पर नेऊन सोडू नये. १०९८ ह्या क्रमांकावर दूरध्वनी केला असता मुलांसाठीचे साहाय्य मिळते. पोलिसांसही कळविता येते. अशा मुलीस, प्रवासाचा वेळ सोडून, चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे नेले पाहिजे, आणि तिने कोठे राहावे हे ती समिती ठरविते. बालगृहास देणगी देण्यापूर्वी त्याची कायद्याप्रमाणे नोंदणी झालेली आहे काय, हे विचारून दाखला पाहावा. चांगल्या संस्थेस अशा प्रश्नाचा राग येत नाही. ज्या संस्थेचे चालक मुलींस भेटावयास नेहमीच अडचणी सांगतात, किंवा जेथून मुली सुट्टीतही आपल्या नातलगांस भेटू शकत नाहीत, तेथे पैसे देण्यापूर्वी पुन्हा विचार करावा.

राहिला प्रश्न अठरा वर्षांनंतरचा. बालगृहाचा आधार अठराव्या वर्षी संपतो. ज्या दिवशी आपल्या घरची मुलगी कॉलेजात जाण्याची तयारी करीत असते, त्याच वयात ह्या मुलीस पेटी उचलून बाहेर पडावे लागते. कायद्याने अशा मुलींस एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे पुढील देखरेखीची, सोय सांगितली आहे. महाराष्ट्र सरकारने २०१८ साली अनाथांसाठी शिक्षणात व नोकऱ्यांत एक टक्का समांतर आरक्षणही ठेविले. त्यासाठी अनाथ असल्याचे प्रमाणपत्र लागते, आणि ते मुलगी बालगृहात असतानाच काढून ठेवणे सोयीचे असते; बाहेर पडल्यावर कागद जमविणे कठीण जाते. तेव्हा ज्या वीस घरांनी आठ वर्षांच्या मुलीसाठी बोस्टनच्या मापाने दहा वर्षे कबूल केली असतील, त्यांनी आरंभीच हिशेबात आणखी तीन वर्षे धरून ठेवावी. म्हणजे ती एकवीस वर्षांची होईपर्यंत वर्गणी चालू राहील.